मार्कोस आधी पोहोचले होते, मग एनएसजी कशाला बोलावली?

प्रश्न : मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यावरचा एक माहितीपट आम्ही घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. त्यात नौदलाचे मार्कोस कमांडो पहिल्याच रात्री ताजमध्ये शिरलेले दिसतात. तरीही शेवटपर्यंतची कारवाई दिल्लीकडून आलेल्या एनएसजीने केली. मार्कोस इतके कडवे मानले जातात, तर मग एनएसजीची वाट का पाहिली? शिवाय पॅरा कमांडो, गरुड, ब्लॅक कॅट, कोब्रा, सी-६०, फोर्स वन ही सगळी एकाच दलाची वेगवेगळी नावे आहेत का? घरात यावरून बराच वाद झाला.
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाद होणे साहजिक आहे, कारण त्यामागची समजूत फार प्रचलित आहे. आपण सगळ्या कमांडोंची मनातल्या मनात एक गुणवत्ता यादी करतो आणि पहिला कोण, दुसरा कोण असे विचारू लागतो. प्रत्यक्षात या दलांची वाटणी कडवेपणावरून झालेली नाही, ती कामावरून झाली आहे. कोण किती सोसू शकतो हा प्रश्न बाजूला ठेवून कोणाचा सराव कशाचा आहे हे पाहिले, की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

मार्कोसपासून सुरुवात करू. नौदलाने हे दल १९८७ मध्ये उभारले. त्यांचे काम मुख्यतः पाण्यावरचे आणि पाण्याखालचे: अपहृत जहाजावर चढून ते सोडवणे, मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रातील फलाटांवर कोणी घुसले तर त्यांना आवरणे, पाणबुड्याच्या वेशात शत्रूच्या बंदरात शिरणे, सैन्य उतरण्याआधी किनाऱ्याची टेहळणी करणे. त्यांचा एक तळ, आयएनएस अभिमन्यू, मुंबईतच आहे. त्या रात्री प्रशिक्षित कमांडोंमध्ये सर्वांत जवळ तेच होते, म्हणून त्यांना बोलावले गेले.

त्यांची मोजकी तुकडी ताजमध्ये शिरली तेव्हा आत अंधार होता, धूर होता आणि इमारतीचा धड नकाशा हाती नव्हता. एका दालनात अतिरेक्यांशी समोरासमोर चकमक झाली. त्यात प्रवीण तेवतिया हा जवान अनेक गोळ्या लागून गंभीर जखमी झाला. पुढे त्याला शौर्य चक्र मिळाले. अडकलेल्या अनेकांना या तुकडीने सुखरूप बाहेर काढले आणि अतिरेक्यांना मोकळेपणी फिरू दिले नाही. म्हणजे मार्कोस केवळ थांबून राहिले होते, हा समज चुकीचा आहे.

पण ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाउस अशा तीन ठिकाणी मिळून शेकडो खोल्या होत्या. प्रत्येक बंद दारामागे बंदूकधारी आहे की पलंगाखाली लपलेले एखादे कुटुंब, हे दार उघडेपर्यंत कळत नाही, आणि उघडल्यावर ओळखायला क्षणभरही मिळत नाही. अशी एकेक खोली, एकेक मजला मोकळा करत जायला मोठे मनुष्यबळ लागते आणि नेमका त्याच कामाचा वर्षानुवर्षांचा सराव लागतो. एनएसजीची स्थापना यासाठीच झाली आहे.

सुवर्णमंदिरातील १९८४ च्या लष्करी कारवाईत फार मोठी जीवितहानी झाली. वस्तीतल्या, भाविकांनी भरलेल्या जागेत रणगाडे आणि पायदळ वापरण्याची किंमत किती असते, हे तेव्हा कळले. त्यानंतर ब्रिटिश एसएएस आणि जर्मनीचे जीएसजी-९ यांचा अभ्यास करून राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल म्हणजे एनएसजी घडवले गेले, आणि १९८६ मध्ये त्याचा कायदा झाला. मे १९८८ मध्ये पुन्हा सुवर्णमंदिरातच अतिरेकी दडून बसले. या वेळी एनएसजीने आत धडक मारली नाही. वेढा घातला, उंच जागांवर दूरच्या अंतरावरून टिपणारे नेमबाज बसवले, हालचाल अशक्य करून टाकली आणि दिवसामागून दिवस थांबून राहिले. अखेर बहुतेक जण शरण आले. कमांडो म्हणजे दार फोडून आत घुसणारा, एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर असते, त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. संयम हेही त्यांचे हत्यार आहे.

आता उशिराबद्दल. २००८ मध्ये एनएसजीचे कमांडो प्रामुख्याने हरियाणातील मानेसर येथे असत आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेले विमान नव्हते. हवाई दलाचे आयएल-७६ चंदीगडहून दिल्लीला आणावे लागले, मग कमांडो चढले, आणि मुंबईत ते २७ नोव्हेंबरच्या पहाटे उतरले. पुढची कारवाई २९ च्या सकाळी संपली. तीत मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना वीरमरण आले. जे तास वाया गेले, ते शौर्याच्या कमतरतेने गेले नाहीत. दल कुठे ठेवायचे आणि ते हलवायचे कसे, याचा विचार आधी पुरेसा झाला नव्हता म्हणून गेले. माझ्या मते त्या रात्रीचा हा सर्वांत वेदनादायक भाग आहे, कारण तो टाळता येण्याजोगा होता. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद येथे एनएसजीची केंद्रे उघडली, आणि महाराष्ट्र पोलिसांनी स्वतःचे फोर्स वन उभे केले, त्याचे कारण हेच.

आता नावांचा गुंता. फोर्स वन महाराष्ट्र पोलिसांचे. सी-६० हे गडचिरोली पोलिसांचे पथक. १९९० मध्ये साठ जवानांनिशी ते सुरू झाले, म्हणून त्याचे हे नाव. स्थानिक तरुण, स्थानिक बोली आणि जंगलाची ओळख ही त्याची ताकद. कोब्रा हे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, तेही जंगलातील कारवायांसाठी. एसपीजीकडे पंतप्रधानांची सुरक्षा. एनएसजी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, मात्र तिच्या मुख्य धडक गटातील माणसे लष्करातून काही वर्षांसाठी आलेली असतात, त्यामुळे लोकांचा घोटाळा होतो. ही सगळी दले आपल्या हद्दीत, आपल्या कायद्याच्या चौकटीत, आपल्याच नागरिकांच्या आसपास काम करतात.

लष्करी विशेष दले याहून वेगळी. भूदलाचे पॅरा स्पेशल फोर्सेस, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड ही ती तीन. ती युद्धासाठी, आणि बहुधा सीमेपलीकडच्या कामासाठी घडवलेली आहेत. चौथे एक दल जरा आडबाजूला आहे, स्पेशल फ्रंटिअर फोर्स. चीनशी युद्ध चालू असतानाच, नोव्हेंबर १९६२ मध्ये, तिबेटी निर्वासित तरुणांना घेऊन ते उत्तराखंडातील चक्राता येथे उभे राहिले. मेजर जनरल सुजान सिंग उबान त्याचे पहिले प्रमुख. हे दल लष्कराचा औपचारिक भाग नसले, तरी १९७१ मध्ये चितगाँगच्या डोंगरात आणि ऑगस्ट २०२० मध्ये लडाखच्या कैलास रांगेवर त्याने कामगिरी बजावली.

काळ्या गणवेशाविषयीही सांगून टाकतो, कारण तुमच्या पत्रात ब्लॅक कॅट हा उल्लेख आहे. काळा पोशाख ही एनएसजीची ओळख. लष्करी विशेष दलांना दिसणे परवडत नाही. काश्मीरमध्ये वुलर सरोवराच्या परिसरात तैनात असलेले मार्कोस दाढी वाढवून वावरत, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. तेव्हा पुढाऱ्याच्या गाडीमागून धावणाऱ्या काळ्या कपड्यातल्या प्रत्येक माणसाला विशेष दलाचा कमांडो समजू नका.

प्रश्न : सिनेमात कमांडो सतत गोळीबार करताना दिसतात. खऱ्या आयुष्यात त्यांचे काम नेमके काय असते? पायदळाचे जवानही लढतातच, मग फरक कुठे पडतो?
– एक वाचक, लातूर

उत्तर : फरक परिणामात आहे. पायदळाची पलटण एखादे ठाणे जिंकते, ते राखते आणि तिथून पुढे सरकते. विशेष दलाची तुकडी बहुधा काहीच राखून ठेवत नाही. ती जाते, एक ठरलेली गोष्ट करते आणि परत येते. ती गोष्ट अशी निवडलेली असते की पंधरा-वीस माणसांच्या कामाने शत्रूच्या हजारो माणसांचा बेत बिघडावा. असे काम हाती नसेल, तर विशेष दल पाठवण्यात अर्थ नसतो.

त्यांच्या कामात सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि पडद्यावर सर्वांत कमी दिसणारा भाग म्हणजे नजर ठेवणे. शत्रूच्या हद्दीत झुडपात किंवा दगडांच्या आडोशाला दिवसेंदिवस पडून राहायचे, कोण केव्हा येतो, पहारा कधी बदलतो, दारूगोळा कुठे उतरतो, हे टिपायचे आणि एकही गोळी न झाडता परतायचे. गोळी झाडावी लागली तर ती मोहीम बहुतेक वेळा फसलीच. गरुडांचे एक काम याच जातीचे आहे. जमिनीवरून लक्ष्यावर लेसरचा झोत धरायचा, म्हणजे वरून येणारा बॉम्ब नेमका तिथे पडतो. शत्रूच्या हद्दीत कोसळलेल्या वैमानिकाला शोधून आणणे हेही त्यांच्याकडेच.

दुसरा भाग छाप्याचा. पूंछजवळचे मंढोल हे त्याचे शाळेत शिकवावे असे उदाहरण. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी तोफा डोंगराच्या आडून पूंछवर मारा करत होत्या. १३ तारखेच्या रात्री ९ पॅरा कमांडोच्या एका गटाने थंडीत पूंछ नदी ओलांडली, अंधारात चालत तोफा गाठल्या, त्यांना सुरुंग लावले आणि उजाडण्याआधी परतीची वाट धरली. तोफा बंद पडल्या. ना ठाणे जिंकले, ना जमीन मिळवली, पण पूंछवरचे संकट हटले. या लढाईत आपलीही माणसे गेली, हे विसरू नये.

त्याच महिन्यात वाळवंटात १० पॅरा कमांडोने लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंग, म्हणजे जयपूरचे महाराज, यांच्या नेतृत्वाखाली जीपगाड्यांतून सीमेपलीकडे सुमारे ८० किलोमीटरवरच्या छाछरोपर्यंत मुसंडी मारली. आघाडीपासून इतक्या मागे आपल्याला धोका आहे, असे तिथल्या शत्रूला वाटतच नव्हते. भवानी सिंग यांना महावीर चक्र मिळाले. या दोन पलटणींचे बीज १९६५ च्या युद्धात मेजर मेघ सिंग यांनी निवडक जवान घेऊन उभारलेल्या मेघदूत फोर्समध्ये होते. त्यांच्या छाप्यांचा परिणाम पाहूनच १९६६ मध्ये पहिली कमांडो पलटण रीतसर उभी राहिली.

तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याविषयी आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. तो म्हणजे दुसऱ्यांना लढायला शिकवणे. १९७१ च्या मे महिन्यात बंगालमध्ये भागीरथीच्या काठी, जिथे १७५७ ची प्लासीची लढाई झाली त्या पलाशीजवळ, भारतीय नौदलाने एक गुप्त छावणी सुरू केली. पाकिस्तानची ‘मांग्रो’ ही पाणबुडी फ्रान्समधील तुलाँ बंदरात होती. तिच्यावरील बंगाली नौसैनिक तिथून निसटले आणि त्यांच्यापैकी आठ जण भारतात पोहोचले. या छावणीचा कणा तेच. बाकीची मुले पूर्व पाकिस्तानातून आलेली, शिकणारी, शेतकरी कुटुंबातली, नदीत वाढलेली. पोहणे त्यांना शिकवावे लागले नाही. रात्रीच्या अंधारात, प्रवाहातून, छातीला सुरुंग बांधून, आवाज न करता तासन्‌तास पोहणे मात्र शिकवावे लागले. या कामाची सूत्रे नौदलाचे कमांडर एम. एन. आर. सामंत यांच्या हाती होती. त्यांना पुढे त्याच युद्धातील कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले.

लिंपेट नावाचा हा सुरुंग चुंबकाने जहाजाच्या तळाला चिकटतो. त्याच्या कळीवरची गुडी (छोटे बूच) पाण्यात विरघळली की ठरावीक वेळाने स्फोट होतो. अडचण अशी की पोहणाऱ्याला जहाजापर्यंत पोहोचायलाच बराच वेळ लागे आणि तोवर गुडी विरघळून जाण्याची भीती. उपाय साधा निघाला. गुडीवर निरोध चढवायचा आणि सुरुंग चिकटवला की काढून टाकायचा. नौदलाने एवढे निरोध कशासाठी मागवले, हा प्रश्न तेव्हा काही कार्यालयांत नक्की पडला असणार.

हल्ल्याची वेळ कळवायची कशी, हाही पेच होता. वेगवेगळ्या बंदरांत लपलेल्या गटांना एकाच रात्री संदेश मिळायला हवा होता आणि बिनतारी यंत्र वापरले तर पकडले जाण्याचा धोका होता. म्हणून आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेली दोन बंगाली गाणी लावायचे ठरले. पहिले लागले की तयारी करायची, दुसरे लागले की निघायचे. ऐकणाऱ्या लाखो लोकांना ती नेहमीची गाणीच वाटली. ऑगस्टच्या मध्यावर एकाच रात्री चितगाँग, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत जहाजांखाली स्फोट झाले. पूर्व पाकिस्तानात सारे सुरळीत आहे, असा दावा पाकिस्तान जगापुढे करत होता. त्या दाव्याला बंदरांत बुडालेल्या जहाजांनीच उत्तर दिले. तिथे जायला परदेशी जहाजे कचरू लागली. आणि हे सारे भारताने उघड युद्धात पाऊल टाकण्याच्या साडेतीन महिने आधी घडले.

प्रश्न : शिवाजी महाराजांनी लाल महालात शाएस्तेखानावर घातलेला छापा, त्याला आजच्या भाषेत स्पेशल ऑपरेशन म्हणता येईल का? की तो गनिमी कावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : म्हणता येईल, आणि अभिमानाच्या भरात नव्हे तर तपासून म्हणता येईल. गनिमी कावा ही अख्ख्या सैन्याची लढण्याची रीत. सतत, जागोजागी, शत्रूला थकवत नेणारी. एप्रिल १६६३ चा लाल महालावरील छापा हा एकाच रात्रीचा, एकाच माणसावर नेम धरलेला घाव होता.

वर सांगितलेल्या कसोट्या लावून पाहा. माणसे मोजकी. जागेची माहिती पक्की, कारण त्या वाड्यातच महाराजांचे बालपण गेलेले. शत्रू आपल्या प्रचंड छावणीच्या मधोमध, म्हणून निर्धास्त. जागा राखायचा विचारच नाही, काम उरकून बाहेर पडायचे. आणि परिणाम? खानाची बोटे तुटली, मुलगा मारला गेला. एवढ्या मोठ्या फौजेच्या हिशेबात हे नुकसान किरकोळ म्हणावे लागेल. पण तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसलेल्या सेनापतीवरचा औरंगजेबाचा विश्वास उडाला आणि त्याने त्याची रवानगी बंगालला केली. उघड्या मैदानात मराठ्यांना तेव्हा जे जमले नसते, ते एका रात्रीत साधले.

आजच्या पॅरा स्पेशल फोर्सेसशी महाराष्ट्राचा धागा आणखीही एका तऱ्हेने जुळतो. २१ पॅरा (एसएफ) ही पलटण आधी मराठा लाइट इन्फंट्रीची २१ वी पलटण होती. तिचे रूपांतर १९९६ मध्ये झाले. आजही ती ‘वाघनख’ या नावाने ओळखली जाते आणि ईशान्येच्या जंगलातील कामात तिचा हातखंडा आहे. जून २०१५ मध्ये मणिपुरात आपल्या जवानांवर हल्ला करून म्यानमारमध्ये पळालेल्या बंडखोरांच्या तळांवरील कारवाईत तीच पलटण होती.

प्रश्न : विमानातून उडी मारणारे सगळे पॅरा कमांडो असतात का? धोनीच्या ग्लोव्ह्जवर होते ते चिन्ह कोणाचे?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही. हवाई छत्रीने उतरणे हे पोहोचण्याचे साधन आहे. बोट, हेलिकॉप्टर किंवा पायी चालणे जसे, तसेच. पॅराशूट रेजिमेंटच्या काही पलटणी ‘पॅरा’ आहेत आणि काही ‘पॅरा स्पेशल फोर्सेस’. मरून रंगाची टोपी दोघांचीही.

फरक टांगाइलच्या उदाहरणाने समजेल. ११ डिसेंबर १९७१ रोजी २ पॅरा ही पलटण, जिची मुळेही मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत, ढाक्याच्या उत्तरेला टांगाइलजवळ दिवसाढवळ्या उतरली. पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन मागे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवणे हे तिचे काम. म्हणजे जागा जिंकायची, राखायची, आपले सैन्य येईपर्यंत टिकवायची. हे आकाशातून उतरलेल्या पायदळाचे काम झाले, आणि ते तिने उत्तम केले. विशेष दलाचा प्रकार मंढोलसारखा असतो. पुढे २ पॅराचेही रूपांतर स्पेशल फोर्सेसमध्ये झाले, त्यामुळे पुस्तके वाचताना वर्ष पाहून घ्यावे.

२०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्ह्जवर दिसलेले आणि आयसीसीने काढायला लावलेले चिन्ह म्हणजे बलिदान बॅज. तो पॅरा स्पेशल फोर्सेसचा. निवडीच्या आणि प्रशिक्षणाच्या अनेक महिन्यांनंतर तो छातीवर लागतो. या काळात माणसाला झोप, अन्न आणि विश्रांती कमी करत नेतात आणि तशा अवस्थेत त्याला हिशेब करायला, नकाशा वाचायला, निर्णय घ्यायला लावतात. बळकट शरीर अनेकांकडे असते. थकलेल्या शरीरात शाबूत राहणारे डोके थोड्यांकडे असते, आणि गळती तिथेच होते.

प्रश्न : एवढे प्रभावी आहेत, तर सरकार असे लाखभर कमांडो का तयार करत नाही?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रश्न सरळ आहे, उत्तर थोडे कडू आहे. संख्या वाढवायची तर निवडीची कसोटी सैल करावी लागते, आणि कसोटी सैल केली की ती माणसे विशेष राहत नाहीत. शिवाय असा एक जवान घडायला वर्षे लागतात. संकट दाराशी आल्यावर ही भरती करता येत नाही.

आणि कमांडो अजिंक्य असतात, ही समजूत तर पार पुसून टाकायला हवी. त्यांच्याकडे तोफा नसतात, संख्या नसते, मागे राखीव फौज नसते. त्यांचे सारे बळ शत्रू बेसावध असण्यात असते. ते बळ गेले की काय होते, हे श्रीलंकेतील जाफन्यात दिसले. ११-१२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेचे नेते एकत्र येणार अशी खबर होती. त्यांना पकडण्यासाठी १० पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे जवान हेलिकॉप्टरने उतरवायचे ठरले. पण लिट्टेने आपल्या सैन्याचे बिनतारी संदेश ऐकले होते. खाली ते दबा धरून बसले होते. गोळीबारात हेलिकॉप्टरांना पुढच्या फेऱ्या करणे अशक्य झाले आणि उतरलेली माणसे एकाकी पडली. शीख लाइट इन्फंट्रीच्या तिथे उतरलेल्या ३० जवानांपैकी केवळ एक जिवंत राहिला, तोही लिट्टेच्या कैदेत. कमांडोंनी रात्रभर लढत तग धरला, त्यांचेही सहा जण गेले. या जवानांच्या धैर्यात कणभरही उणे नव्हते. बेत फुटला होता, आणि फुटलेला बेत तसाच पुढे रेटला गेला. या घटनेवर आपल्याकडे मोकळेपणी पुरेसे बोलले गेलेले नाही, याची मला खंत वाटते.

अपयशाचे दुसरे कारण म्हणजे मागची साखळी तुटणे. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधील आपले ५३ ओलीस सोडवायला अमेरिकेने पाठवलेली मोहीम लढाई न होताच कोसळली. आठ हेलिकॉप्टरे निघाली. वाळवंटातील ठरलेल्या जागी सहा पोहोचली, त्यांतले एक नादुरुस्त निघाले, आणि किमान सहा तरी हवी होती. मोहीम रद्द करून परतताना एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन आलेल्या विमानावर आदळले आणि आठ जण मृत्युमुखी पडले. कमांडो भूदलाचे, हेलिकॉप्टरे नौदलाची, ती चालवणारे मरीन, विमाने हवाई दलाची. प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज, पण एकत्र सराव असा झालेलाच नव्हता. त्यातून धडा घेत अमेरिकेने १९८७ मध्ये सर्व विशेष दलांसाठी एकच कमांड उभी केली. भारतातही नरेश चंद्र समितीने अशा एकत्रित कमांडची शिफारस केली होती. पुढे आग्रा येथे मुख्यालय असलेला, तिन्ही दलांतील विशेष जवानांचा एक छोटा विभाग उभा राहिला. आकाराने तो अजून लहान आहे. लाखभर कमांडोंऐवजी त्याला स्वतःची विमाने, हेलिकॉप्टरे आणि गुप्त माहितीची यंत्रणा मिळावी, असे मला मनापासून वाटते.

साखळी नीट जुळली की काय साधते, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले होते आणि आता ते घेऊन दुसरी जहाजे लुटायला निघाले होते. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने त्यांना गाठले आणि हलू दिले नाही. हवाई दलाच्या सी-१७ विमानाने मार्कोसना त्यांच्या रबरी बोटींसह थेट समुद्रात उतरवले. चाळीस तासांच्या या कारवाईत सर्व ३५ चाचे शरण आले आणि जहाजावरील १७ कर्मचारी इजा न होता सुटले. २३ मार्चला आयएनएस कोलकाता मुंबईला लागली. तिथे चाच्यांना मुंबई पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले आणि २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखाली पुढचे काम सुरू झाले.